गिऱ्हाइकाचा मासा

पापलेटचा तुकडा आईंनी ताटाच्या कडेला सरकवला आणि मला म्हणाल्या, "ह्यो जगदीशला वाढ. दमून आलाय."

जगदीश म्हणजे माझा नवरा. तो दमूनबिमून काही आला नव्हता, पडवीत खाटेवर पाय पसरून क्रिकेट बघत होता. दमून आलेलं त्या घरात कुणी असेल तर ती मी, दिवसभर शाळेत पोरांपुढे घसा कोरडा करून. पण सासूच्या नजरेला मुलाचाच दम आधी दिसतो, त्याला इलाज नाही.

"आई, तो तुमचा तुकडा आहे. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलाय, त्याला नाही."

"अर्धा खाल्ला ना मी."

अर्धा कसला, तुकड्याला बोटसुद्धा लागलं नव्हतं. रव्याचा थर जसा तव्यावरून उतरला तसाच होता. आईंनी उकडलेल्या दुधीबरोबर भात संपवला, ताटात पाणी सोडलं आणि भिंतीला धरून उठल्या. मी तो तुकडा उचलून जगदीशच्या पुढ्यात आदळला. त्याला काय, त्यानं स्कोअर बघता बघता खाल्ला.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा थेरोंड्याच्या कोळीवाड्यात राहायचो. माझ्या सासूबाईंना, लाडकूबायना, सगळा रेवदंडा ओळखायचा, कारण तिथल्या बाजारात त्यांनी जन्मभर मासळी विकली. टोपली डोक्यावर, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा, की बाजाराच्या ह्या टोकाला त्यांनी भाव सांगितला तर त्या टोकाचं गिऱ्हाईक थांबावं. त्याच बाईच्या किडन्या साखरेनं आणि ब्लडप्रेशरनं निकामी केल्या. धंदा सुटला आणि आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिसची वारी लागली.

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी मासळी अगदी तोडूनच टाकली होती. सुरू झाल्यावर तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी उलटंच सांगितलं. मशीन रक्त धुतं तेव्हा अंगातलं थोडं प्रथिनही त्याबरोबर निघून जातं, ते खाऊनच भरून काढायला हवं. म्हणजे रोज ताज्या मासळीचा तळहाताएवढा एक तुकडा, मीठ अगदी बेतानं. भाज्या उकडून पाणी फेकून द्यायचं, पाणी मोजून प्यायचं, नारळाचं वाटण विसरायचं. सुकी आणि खारवलेली मासळी बंद. काट्यासकट चावायची बारीक मासळी बंद, डोकी चोखणं बंद. मी विचारलं, मग मासा द्यायचा कुठला? त्या म्हणाल्या, पापलेट द्या, सुरमई द्या, रावस द्या. आईंनी तोंडाला पदर लावला आणि खुदुखुदु हसायला लागल्या. मला वाटलं, खूश झाल्या. पापलेट खा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर कोळीवाड्यात कोण रडेल?

आणि मग त्यांनी पापलेट खाल्लंच नाही. सुरमईही नाही, रावसही नाही.

मी धरून चालले की दोष माझ्या स्वयंपाकाचा आहे. बिनमिठाचं, बिननारळाचं कोण खाईल? मी पेणची, हातात खडू धरणारी, चुलीपाशी तशी बेताचीच. पण हट्टाला पेटले की पेटले. लसूण-मिरची वाटून लावली. लिंबू पिळलं. मिरपूड घातली. केळीच्या पानात गुंडाळून वाफवलं. एकदा तर कोथिंबिरीनं मासा इतका हिरवा केला की जगदीशनं विचारलं, ही भाजी कसली? आई प्रत्येक वेळी वास घ्यायच्या, "झ्याक झालाय गो," म्हणायच्या आणि तुकडा कडेला सरकवायच्या.

जीव अडकला होता सुक्या मासळीत. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर आई घरात नाहीत. शेजारच्या पडवीतून भाजलेल्या बोंबलाचा वास येत होता आणि वासाच्या मधोमध माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, खात नव्हते, नुसता वास घेत होते. ओठाला तुकडा चिकटलेला. मला हसूही आलं आणि रडूही.

रडू जास्त आलं, कारण अलिबागला रक्ताचा रिपोर्ट आला होता तो वाईट होता. अंगातलं प्रथिन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर ह्यांना मशीनवर घेणंसुद्धा झेपायचं नाही. मग पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. थेरोंड्यापासून रेवदंड्यापर्यंत भरली टोपली नेणारी बाई आता खाटेपासून मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबायची. मला लग्नाआधीपासूनच आई नव्हती. ही मिळाली होती ती मला घालवायची नव्हती, एवढं साधं होतं ते.

जगदीशचा उपाय म्हणजे ओरडणं. तो ओरडला की आई ऐकू येत नसल्यासारखं करायच्या, आणि तो गेला की मला विचारायच्या, "काय म्हनत होता गो?"

उलगडा झाला तो डायलिसिसच्या खोलीत. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर चौलचे चौबळकाका होते, नव्यानंच मशीनवर आलेले. सोबत काकू. काकूंनी आईंकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहराच फुलला.

"अगं, तू लाडकू ना? रेवदंड्याची? तुझ्याकडून किती वर्षं पापलेट नेलं आम्ही. तू सांगितलेलं भरलेलं पापलेट मी अजून करते."

झालं. आईंच्या अंगात वारं भरलं. डावा हात मशीनला बांधलेला, तर उजव्या हातानं त्या अख्ख्या खोलीला स्वयंपाक शिकवायला लागल्या. चीर पोटाला नाही, पाठीला द्यायची. चटणी कोरडी वाटायची, पातळ झाली की वाहून जाते. आच मंद ठेवायची आणि उलटायची घाई करायची नाही. परिचारिकासुद्धा ऐकत उभी राहिली. मीही ऐकत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते, की एवढं ठाऊक आहे तर घरी खायला काय होतं ह्यांना?

चौबळकाका डोळे मिटून पडले होते. त्यांनी तसंच विचारलं, "आणि लाडकूबाय, तुम्हाला स्वतःला कसं आवडतं? तळलेलं की भरलेलं?"

"मना काय म्हाईत, काका," आई म्हणाल्या. "मी कवा खाल्लाय?"

सगळे हसले. बाजारातली बाई, थट्टा करते आहे असंच त्यांना वाटलं. आईही हसल्या. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण ती थट्टा नव्हती.

परतीच्या टमटममध्ये मी विषय काढला. मागच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, खरंच कधी पापलेट खाल्लं नाही? आईंनी मान हलवली. मग एवढ्या पाककृती आल्या कुठून? त्या गिऱ्हाइकांनीच सांगितलेल्या. एका घरची बाई सांगायची, ते आई दुसऱ्या घरच्या बाईला सांगायच्या. त्यांच्या आईनं त्यांना पहिल्यांदा टोपलीपाशी बसवलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. वरचा मासा गिऱ्हाइकाचा. आपल्याला टोपलीचा तळ, जे उरेल ते, जे फुटेल ते, आणि काहीच उरलं नाही तर घरची सुकट. विकायच्या टोपलीत आपण तोंड घातलं की धंदा बसतो. ती म्हातारी गेली, धंदा चालला, घर बांधलं, जगदीश शिकला, आणि लाडकूबायनी मांदेली, जवळा, डोकी आणि शेपट्या खाल्ल्या.

"पण आता तुमची टोपली कुठे आहे? धंदा तर बंद झाला ना?"



"टोपली नाय, पन मी हाय ना गो," त्या म्हणाल्या. "ताटात पापलेट बगला की मना वाटतं, कुनाचं तरी गिऱ्हाईक उपाशी ठेवला मी. घास वर जात नाय. तुजा काय चुकत नाय."

मला एकदम हलकं वाटलं आणि पाठोपाठ जास्तच घाबरायला झालं. मीठ कमी असतं तर त्याला काही तोड निघाली असती. ह्याला तोड काय काढायची? आईंना टोपलीपाशी बसवून कधीच मरून गेलेल्या त्या म्हातारीशी मी भांडणार कशी?

रात्री उशिरापर्यंत मी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रेवदंड्याच्या बाजारात चांगुणामावशीकडे गेले.

चांगुणामावशी आणि आई म्हणजे बाजारातली जुनी जोडी. दोघींच्या जागा शेजारी शेजारी. एका बंगल्यावरच्या गिऱ्हाइकावरून त्यांचं कधीकाळी भांडण झालं होतं, आणि तेव्हापासून त्या एकमेकींशी सरळ बोलत नसत. जे काय बोलायचं ते समोरच्या मासळीकडे बघून, शेजारणीला ऐकू जाईल असं. पण एकीला ताप आला तर दुसरी तिची टोपली विकून पैसे घरी पोचवायची. तोंडाचं वैर टोपलीपर्यंत कधी गेलं नाही.

मी सगळं सांगितलं. मावशी कोयत्यावर सुरमई कापत होती, ती कापतच राहिली. मला वाटलं हिचं लक्षच नाही. तुकडे करून झाल्यावर तिनं हात धुतले.

"मी पन नाय खात पापलेट," ती म्हणाली. "कोनच नाय खात इथं." मग पदराला हात पुसत, "परवा सकाली तिला आन. पन मागून नको आनू. पुढून आन."

मला आधी कळेना. मग कळलं. बाजारात बाया ओट्यावर ओळीनं बसतात. विकणारी मागच्या गल्लीतून येते आणि ओट्यावर चढते. गिऱ्हाईक पुढच्या बाजूनं येतं. आईंनी सगळा जन्म त्या ओट्याच्या मागे काढला होता. पुढच्या बाजूला त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या.

ठरलेल्या सकाळी मी आईंना सांगितलं, चांगुणामावशीनं भेटायला बोलावलंय. "तिला कशाला मी पायजेल?" असं म्हणत त्यांनी चांगलं लुगडं काढलं. बाजाराशी रिक्षातून उतरल्या तशा सवयीनं मागच्या गल्लीकडे वळल्या. मी त्यांचा उजवा हात धरून पुढे नेलं.

ओट्यावरून चांगुणामावशी म्हणाली, "या बाई. काय देऊ?"

आईंनी मागे वळून पाहिलं, बाई कोण आली म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"मना बाई म्हनतेस?"

"गिऱ्हाइकाला काय म्हनू मग?" मावशीनं टोपलीवरचं ओलं फडकं दूर केलं. "पापलेट बगा बाई, आत्ताच होडीतून उतरलाय. डोले बगा त्याचे."

टोपलीत पापलेटं होती, चंदेरी, एकावर एक. आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी दुसरीकडे बघायला लागले. क्षणभर मला वाटलं, आता ह्या रागावून रिक्षेत जाऊन बसणार. पण जन्मभराची खोड जाते कुठे? टोपली समोर आली, उजवा हात आपोआप पुढे गेला, अंगठ्यानं कल्ला उचलला गेला.

"आत्ताचा कसला? रातीचा हाय," आई म्हणाल्या.

"रातीचा? कल्ला लाल हाय, दिसत नाय?"

"लाल हाय, पन पोट बग कसा दबतंय."

"तुमी दाबताय म्हनून दबतंय. ठेवा खाली."

आजूबाजूच्या बाया टोपल्या सोडून पुढे सरकल्या. मावशीनं भाव सांगितला. आईंनी निम्मा सांगितला. मावशी म्हणाली, ह्या भावात होडीवाला मला समुद्रात बुडवील. आई म्हणाल्या, बुडवू दे, तुला पोहता येतं. मग आईंनी हळूच विचारलं, "भवानी झाली का तुजी?"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ते गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे कुठल्याही बाजारात पाळतात, आणि विकणारीचं हे दुखणं आईंहून जास्त कोणाला ठाऊक असणार? मावशी म्हणाली, नाही झाली. आईंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ते कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. शेजारची बाई माझ्या कानाशी लागली. म्हणाली, चांगुणा पहाटेपासून टोपली झाकून बसलीय, किती गिऱ्हाईकं हाकलून दिली तिनं. 

आई भाव वाढवीनात. मावशीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "परवडत नसंल तर ऱ्हाव दे, बाई. तिकडं सुकट हाय, ती घेऊन जावा."

 चिकट गिऱ्हाइकाला लावायचं हे शेवटचं हत्यार, आणि आईंनी ते आयुष्यात किती जणींवर चालवलं असेल ह्याची गणती नाही. त्यांच्यावर ते पहिल्यांदाच चाललं. त्यांचा चेहरा लाल झाला. कमरेची पिशवी त्यांनी ओढून काढली. मी माझी पर्स उघडत होते, तर माझा हात त्यांनी बाजूला सारला.

"ह्यो नको. तो खालचा काढ. मोठा," आई म्हणाल्या. "तुजा भाव पुरा घे, मना नको तुजी मेहेरबानी. तुकडे कर. जाडे कर. शेपटी आन डोका मना नको, मांजरीला घाल."

डोकं नको म्हणणारी लाडकूबाय त्या बाजारानं पहिल्यांदाच पाहिली. मावशीनं मान खाली घालून मासा कापला. मन लावून कापला, एकही तुकडा वाकडा नाही. पैसे घेऊन तिनं कपाळाला लावले, टोपलीला लावले, आणि पिशवी पुढे करताना गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "मीठ बेतानं घाला, बाई. लसून जरा जास्त."

"मना शिकवतेस?" आई म्हणाल्या.

पण पिशवी त्यांनी स्वतः धरली. रिक्षेत ती मांडीवर ठेवली आणि घरी येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

घरी आल्यावर त्या चुलीपाशी पाट घेऊनच बसल्या. तेल कमी, रवा बारीक, आच मंद. मी एक तुकडा तळहातावर ठेवून बघितला, तेवढाच तव्यात सोडला आणि बाकीचे झाकून ठेवले. मिठाची चिमूट मी घेतली ती त्यांनी तपासली आणि त्यातले चार कण परत टाकायला लावले. मी केलं तर बेचव होणारं तेच बिनमिठाचं जेवण आता त्यांच्या हुकमानं चाललं होतं.

ताट वाढलं. जगदीश पडवीतून आत आला, नेहमीप्रमाणे आईच्या ताटाशी टेकला आणि तुकडा आपल्याकडेच येणार म्हणून हात पुढे केला. आईंनी ताटावर हात आडवा धरला.

"ह्यो माजा हाय. इकत घेतलाय मी."

जगदीशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी गप्प बसवलं.

आईंनी तुकड्याचा कोपरा मोडला. पांढरंशुभ्र मांस थराथरानं सुटं झालं. घास तोंडात गेला. त्या चावत होत्या, हळूहळू, आणि मध्येच थांबल्या.  आता हा घास बाहेर येणार आणि तुकडा पुन्हा कडेला जाणार, असं वाटून मी पाण्याचं भांडं हातात घेतलं. आई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी घास गिळला. दुसरा मोडला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. तिसऱ्याला त्यांनी भातसुद्धा घेतला नाही. मी आणि जगदीश जेवायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही की आम्ही दोघंही रडतोय आणि हसतोय.

ताटात काट्याशिवाय काही उरलं नाही तेव्हा आईंनी वर पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"जागृती," त्या म्हणाल्या, "जलमभर मी ह्यो किती सस्त्यात इकला गो."